धर्मपीठ, स्त्री आणि वृत्तपत्र

सरकारी नोकरीत शिरल्यावर आरंभीची दोन वर्षे माझ्याकडे एक ठराविक काम होते. रोज सकाळी आलेली वृत्तपत्रे चाळायची, आपल्या खात्याशी संबंधित मजकुरावर तांबड्या पेन्सिलीने खूण करायची आणि कात्रणे कापून चिकटविली गेली म्हणजे त्यांवर तारीख घालून ती वरिष्ठांकडे पाठवायची. एकदा एका तलावाच्या संबंधात मी जुनी कात्रणे काढून पाहिली. उद्घाटनाची कात्रणे सात निघाली. त्यानंतरच्या बावीस वर्षांत त्या तलावातला गाळ कोणी उपसला, पाळीचे पाणी कोणी सोडले, फुटलेला बांध कोणी बांधून काढला, याविषयी एकही कात्रण नव्हते. ती सारी हकीकत दफ्तरात, हजेरीपटावर आणि मोजणीच्या वह्यांत पडून होती. त्या दिवशी माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. वृत्तपत्राची नजर जेथे पडते तेथे इतिहास घडतोच असे नाही, आणि इतिहास घडतो तेथे ती नजर पोचतेच असेही नाही.

हा अनुभव आज आठवण्याचे कारण थोडे दूरचे आहे. ख्रिस्ती धर्मसंस्थेत स्त्रियांना अधिकाराचे स्थान मिळावे की नाही, हा वाद पाश्चात्त्य जगात सुमारे पावणेदोनशे वर्षे चालला आहे, आणि आरंभापासून तो जितका धर्मसभांत लढला गेला तितकाच वृत्तपत्रांच्या स्तंभांतही लढला गेला. त्या वादातील काही प्रसंग आज आपणांपुढे ठेवावयाचे आहेत. या स्त्रियांनी काय केले, हे तर पाहूच. पण त्यांनी केले ते पाहणाऱ्याने कसे पाहिले, हा या भाषणाचा खरा विषय आहे.

प्रथम एक खुलासा करतो. अँग्लिकन परंपरेत धर्माधिकाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली डीकनची, म्हणजे सेवाकार्य करणाऱ्या साहाय्यकाची. दुसरी धर्मगुरूची, ज्याला प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा अधिकार असतो. आणि तिसरी बिशपची, जो इतरांना दीक्षा देतो. स्त्रीने गरिबांची शुश्रूषा करावी, मुलांना शिकवावे, मिशनसाठी परदेशी जाऊन प्राणही वेचावे, याला कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवण्याला. विरोध करणारे सारेच स्त्रीद्वेष्टे होते, असे मात्र समजू नये. येशूचे बारा प्रेषित पुरुष होते, एकोणीसशे वर्षांची परंपरा मोडण्याचा अधिकार एकट्या आपल्या चर्चला नाही, आणि ती मोडली तर रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चांशी पुन्हा ऐक्य होण्याची आशा संपेल, असे त्यांतील विचारी लोकांचे म्हणणे होते. रोमन कॅथलिक चर्चने हीच भूमिका १९७६ आणि १९९४ साली अधिकृतपणे पुन्हा मांडली आहे.

आता पहिला प्रसंग. स्थळ न्यूयॉर्क, काळ १८५३ चा सप्टेंबर. मद्यपाननिषेधाची एक जागतिक परिषद भरली होती आणि तीत अँटोनेट ब्राउन ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी रीतसर प्रतिनिधी म्हणून आली होती. ओबर्लिन येथे तिने धर्मशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम पुरा केला होता; मात्र स्त्री म्हणून तिला पदवी देण्यात आली नव्हती. ती बोलावयास उभी राहताच सभेत गोंधळ माजला. व्यासपीठावर अनेक धर्मोपदेशक बसले होते, आणि गोंधळ घालणाऱ्यांत तेही मागे नव्हते. दुसऱ्या दिवशीही तिला बोलू दिले गेले नाही.

या घटनेचा वृत्तान्त लिहिताना 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली यांनी त्या परिषदेची मोठी नाचक्की केली. पहिला दिवस एका स्त्रीला व्यासपीठावरून ढकलण्यात गेला, दुसरा तिचे तोंड बांधण्यात आणि तिसरा ते तसेच बांधलेले ठेवण्याचा ठराव करण्यात, अशा आशयाचा हिशेब त्यांनी वाचकांपुढे मांडला. त्याच शहरातील 'हेरल्ड' पत्र मात्र स्त्रियांच्या हक्कांची चळवळ म्हणजे टवाळीचा विषय समजत असे. एकाच गावात एका पत्राने कैवार घ्यावा आणि दुसऱ्याने खिल्ली उडवावी, हा प्रकार आपल्याला नवखा नाही.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. ग्रीली आणि त्यांचे सहकारी चार्ल्स डेना यांनी अँटोनेटला असे सुचविले की, तिने न्यूयॉर्कमध्ये नियमित प्रवचने करावी. सभागृहाचा खर्च आणि वर्षाला हजार डॉलर वेतन आम्ही देऊ. वृत्तपत्रकाराने स्वतः धर्मपीठ उभारून देण्याची ही तयारी होती. अँटोनेटने ती नाकारली. एवढ्या मोठ्या शहराला उपदेश करण्याइतकी आपली तयारी झालेली नाही, असे तिला वाटले. तिने साउथ बटलर नावाच्या खेड्यातील लहानशा काँग्रिगेशनल मंडळीचे बोलावणे स्वीकारले आणि १५ सप्टेंबर १८५३ रोजी तेथे तिला पाळकपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकेतील एखाद्या मान्यताप्राप्त पंथात अशी दीक्षा मिळालेली ती पहिली स्त्री समजली जाते.

वर्षभरातच तिने ते पद सोडले. प्रकृती साथ देईना, आणि नरकयातनांचे भय घालणारी धर्ममते तिच्या मनाला पटेनात. पुढे १८५६ साली तिने न्यूयॉर्कमधील दीनदुबळ्यांच्या जीवनावर एक लेखमाला लिहिली, ती 'ट्रिब्यून'मध्येच छापून आली. मला या चरित्रात मोलाचे वाटते ते तिने दिलेले नकाराचे उत्तर. हजार डॉलर आणि महानगराची कीर्ती एका बाजूला, खेड्यातली इवलीशी मंडळी दुसऱ्या बाजूला. तिने दुसरी निवडली. आपण एक नवलाईची वस्तू म्हणून पाहिल्या जाऊ, ही जाणीव तिला त्या वयात झाली असावी, असा माझा तर्क आहे. ती १९२१ पर्यंत जगली आणि १९२० साली अमेरिकन स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर पंचाण्णवाव्या वर्षी तिने मतदान केले.

दुसरा प्रसंग आशियातला आहे. हाँगकाँगमध्ये १९०७ साली एका चिनी घरात मुलगी जन्मली. मुलीचा जन्म ही इष्टापत्ती मानण्याचे ते दिवस नव्हते. पण बापाने तिचे नाव ठेवले टिम-ओई, म्हणजे पुष्कळ लाडकी. बाप्तिस्म्याच्या वेळी तिने फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आठवणीने 'फ्लॉरेन्स' हे नाव घेतले. १९४१ साली बिशप रोनाल्ड हॉल यांनी तिला डीकन केले आणि पोर्तुगिजांच्या ताब्यातील मकाव येथील मंडळी सांभाळण्यास पाठविले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपान्यांनी हाँगकाँग जिंकले. मकाव तटस्थ असल्यामुळे तेथे निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. प्रभुभोजनाचा विधी करण्यासाठी धर्मगुरू पाहिजे, आणि कोणताही धर्मगुरू युद्धरेषा ओलांडून येऊ शकत नव्हता. उपासमार, आजार आणि मृत्यू मात्र रोज हजर होते.

अखेर बिशप हॉल यांनी निर्णय घेतला. फ्लॉरेन्स कष्टाचा प्रवास करून चीनमधील जपान्यांच्या ताब्यात न गेलेल्या मुलखात गेल्या, आणि तेथे २५ जानेवारी १९४४ रोजी बिशपांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन जगातील ही पहिली स्त्री-धर्मगुरू. त्या समारंभाला वार्ताहर नव्हता. बिशपांच्या मनात स्त्रीहक्कांचा झेंडा उभारावयाचा नव्हता. भुकेल्या मंडळीला प्रभुभोजन कसे मिळेल, एवढाच प्रश्न होता. अडचणीच्या वेळी हाताशी असलेल्या माणसाला अधिकार देऊन काम चालू ठेवणे, हे जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या कोणालाही समजण्यासारखे आहे.

युद्ध संपत आले तशी ही गोष्ट जगजाहीर झाली, आणि मग वादळ उठले. इंग्लंडातील धर्मविषयक पत्रांतून बिशप हॉल यांच्यावर कडक टीका झाली. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नापसंती कळविली. पुढे १९४६ साली फ्लॉरेन्स यांना असे सांगण्यात आले की, त्यांनी धर्मगुरूपदाचा वापर सोडावा, नाहीतर बिशपांना राजीनामा द्यावा लागेल. त्यांनी क्षणाचा विलंब न लावता आपला परवाना परत केला. दीक्षा मात्र त्यांनी टाकली नाही. ती टाकता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या बिशपाने आपल्यावर विश्वास टाकला त्याची गादी आपल्यापायी जाऊ नये, एवढेच त्यांनी पाहिले.

त्यानंतर त्या दक्षिण चीनमधील हेपू येथे काम करू लागल्या. तेथे त्यांनी एक प्रसूतिगृह उघडले. जन्मताच मुलींचा जीव घेण्याची चाल त्या भागात होती, तिला आळा बसावा हा त्यामागचा हेतू होता. या प्रसूतिगृहाविषयी कोणत्या संपादकाने अग्रलेख लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. परवान्याविषयी मात्र पुष्कळांनी लिहिले होते. १९५८ पासून चीनमधली चर्चे बंद झाली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना आपली धर्मवस्त्रे स्वतःच्या हाताने कात्रीने कापावी लागली, शेतावर आणि कारखान्यात राबावे लागले. १९८० नंतरच्या दशकात त्या कॅनडात जाऊन राहिल्या. १९८४ साली त्यांच्या दीक्षेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये उपासना झाली, तेव्हा छायाचित्रकार आले. फ्लॉरेन्स ली टिम-ओई १९९२ साली टोरांटो येथे निवर्तल्या.

याच प्रकरणाला जोडून वृत्तपत्रसृष्टीतली एक उपकथा आहे. चिनी चर्चने १९४८ साली लँबेथ परिषदेपुढे असा प्रस्ताव मांडला की, वीस वर्षांपुरता प्रयोग म्हणून स्त्रियांना दीक्षा देण्याची मुभा असावी. परिषदेने तो फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रख्यात लेखक सी. एस. लुईस यांनी 'टाइम अँड टाइड' या साप्ताहिकात या कल्पनेविरुद्ध लेख लिहिला. इतर व्यवसाय स्त्रियांना खुले करणे न्यायाचे आहे. पण धर्मगुरू उपासनेत देवाचा प्रतिनिधी म्हणून उभा असतो आणि तेथली प्रतीके बदलली तर धर्मच बदलेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुप्तहेरकथांमुळे आणि धर्मविषयक लेखनामुळे विख्यात असलेल्या डोरोथी सेयर्स यांनीही आपल्या बाजूने लिहावे, अशी लुईस यांची इच्छा होती. सेयर्सबाईंनी ती मानली नाही.

हे साप्ताहिक होते कोणाचे? लेडी ऱ्होंडा यांचे. त्यांनी ते १९२० साली स्थापिले आणि पुढे दीर्घकाळ संपादिले. वडिलांची सरदारकी वारसाने मिळूनही केवळ स्त्री म्हणून ज्यांना लॉर्डांच्या सभागृहात बसू दिले गेले नाही, आणि त्यासाठी ज्या आयुष्यभर झगडल्या, त्या याच बाई. त्यांच्या पत्रात हा लेख यावा, यात काहींना विसंगती वाटेल. मला तसे वाटत नाही. विरोधी मताला आपल्या घरात ओसरी देणे हे संपादकाचे भूषण आहे, आणि ते भूषण त्या काळी एका स्त्रीने मिरविले, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

लुईस यांनी वापरलेल्या शब्दाकडेही लक्ष दिले पाहिजे. धर्मगुरू या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला त्यांनी स्त्रीलिंगी प्रत्यय लावला. तसा शब्द उच्चारताच वाचकाच्या डोळ्यांपुढे बायबलमधील मंडळी न येता प्राचीन मूर्तिपूजकांची देवळे आणि तेथल्या पुजारिणी उभ्या राहत. पुढे विरोधकांनी हा शब्द मुद्दाम वापरला, आणि पुष्कळ वार्ताहरांनी तो न कळत उचलला. आपल्या भाषेत 'डॉक्टरीण' म्हटले की ती रोगी तपासते की रोगी तपासणाऱ्याची बायको आहे, याचा उलगडा होत नाही. 'मास्तरीणबाईं'चेही तेच. एका प्रत्ययाने माणूस आपल्या कामापासून किती दूर लोटला जातो, हे ज्यांनी वर्षानुवर्षे असे प्रत्यय सोसले त्यांनाच ठाऊक.

तिसरा प्रसंग सर्वांत गाजलेला आहे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १९७० साली स्त्रियांना डीकन होऊ दिले. परंतु धर्मगुरूपदाचा ठराव १९७३ साली लुईव्हिल येथील अधिवेशनात नापास झाला. तेव्हा अकरा स्त्री-डीकनांनी वाट न पाहण्याचे ठरविले. २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फिया शहरातील 'चर्च ऑफ द अॅड्व्होकेट' या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील चर्चमध्ये तिघा बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. हे बिशप आपापल्या क्षेत्राच्या अधिकारपदावरून दूर झालेले होते. त्यामुळे त्यांना तसा अधिकार होता की नाही, हाच मुळी वादाचा विषय होता. विधीमध्ये हरकत घेण्याची संधी देण्याचे एक ठरलेले स्थान असते. तेथे काही धर्मगुरूंनी उठून आपला निषेध वाचून दाखविला. तो ऐकून घेऊन विधी पुढे चालला.

या वेळी कॅमेरे हजर होते. बातमी अगोदरच फुटली होती. तो काळ अमेरिकेच्या इतिहासातला असाधारण काळ होता. अध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाचे दुसरे कलम प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने नेमके त्याच दिवशी मंजूर केले. राजधानीत एवढी घडामोड चालू असताही या अकरा स्त्रियांना देशभरच्या वृत्तपत्रांत ठळक जागा मिळाली. पंधरवड्यानंतर बिशपांची तातडीची बैठक शिकागोच्या विमानतळानजीक भरली आणि दीक्षा अवैध असल्याचा निर्णय झाला. पण तोवर ती छायाचित्रे घरोघर पोचली होती. मकावच्या फ्लॉरेन्सबाईंना प्रसिद्धीने जे गमवावयास लावले, तेच फिलाडेल्फियाच्या अकरा जणींना प्रसिद्धीने मिळवून दिले. तीस वर्षांत वृत्तपत्राचे वजन तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडले होते.

त्या अकरा जणींत जेनेट पिकार्ड या एकोणऐंशी वर्षांच्या बाई होत्या. १९३४ साली त्यांनी स्वतः फुगा हाकीत पतीसह सुमारे साडेसतरा किलोमीटर उंची गाठली होती. इतक्या उंच गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. अकरा वर्षांच्या असताना आपल्याला धर्मगुरू व्हावयाचे आहे, असे त्यांनी आईला सांगितले, तेव्हा आई रडत खोलीबाहेर निघून गेली होती. आकाशाच्या त्या थरापर्यंत पोचावयास त्यांना एकोणचाळीस वर्षे लागली; वेदीपर्यंत पोचावयास एकोणऐंशी.

आणखी एक होत्या अॅलिसन चीक. त्यांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये उघडपणे प्रभुभोजनाचा विधी केला. ज्या पाळकाने त्यांना तो करू दिला त्याच्यावर धर्मन्यायालयात खटला भरला गेला. 'टाइम' साप्ताहिकाने जानेवारी १९७६ च्या पहिल्या अंकात गेल्या वर्षीच्या कर्तबगार अशा बारा स्त्रिया निवडल्या, त्यांत चीकबाई होत्या. त्याच बारांत कॅरल सटन हेही नाव होते. अमेरिकेतील एका मोठ्या दैनिकाच्या व्यवस्थापकीय संपादकपदी पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि ते दैनिक होते लुईव्हिलचे, ज्या गावी चर्चने १९७३ साली दार लावून घेतले होते.

या योगायोगात मला एक मोठा बोध दिसतो. चर्चच्या दारावर टीका करणाऱ्या वृत्तपत्रांची स्वतःची दारे तरी कितपत उघडी होती? वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्रेस क्लबात १९७१ पर्यंत स्त्रियांना सभासदत्व नव्हते. १९५५ नंतर भाषणांचे वार्तांकन करावयास त्यांना येऊ देत, पण बसावे लागे वरच्या सज्जात. खाली पुरुष वार्ताहर जेवत आणि प्रश्न विचारीत. 'न्यूजवीक'मधील शेहेचाळीस स्त्रियांनी मार्च १९७० मध्ये आपल्याच मालकांविरुद्ध पक्षपाताची तक्रार गुदरली. पत्रात काम करणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने माहिती जमवून देत आणि लेखन पुरुषांच्या हाती राही. 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील स्त्रिया १९७४ साली, म्हणजे फिलाडेल्फियाच्याच वर्षी, न्यायालयात गेल्या. धर्मपीठावर स्त्री का नको, हा प्रश्न विचारणाऱ्या संपादकाच्या खुर्चीवरही स्त्री नव्हती. दुसऱ्याच्या घरातला अंधार दिसतो तो पुष्कळदा आपल्या घराच्या खिडकीतूनच.

अखेर सप्टेंबर १९७६ मध्ये मिनिआपोलिसच्या अधिवेशनाने स्त्रियांची दीक्षा मान्य केली. फिलाडेल्फियाच्या त्या समारंभात मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरून चालणारी एक कृष्णवर्णीय स्त्री होती, बार्बरा हॅरिस. तिचा व्यवसाय जनसंपर्काचा. बातमी कशी तयार होते हे तिला आतून ठाऊक होते. तीच पुढे १९८० साली धर्मगुरू झाली आणि ११ फेब्रुवारी १९८९ रोजी बॉस्टन येथे अँग्लिकन जगातील पहिली स्त्री-बिशप म्हणून अभिषिक्त झाली. निवड जाहीर झाल्यापासून तिच्या घटस्फोटाची, तिच्याजवळ पदवी नसल्याची चर्चा जोरात चालली. धमक्या इतक्या आल्या की, समारंभात गोळी न भेदू शकणारे चिलखत घालण्यास तिला सांगण्यात आले. तिने ते नाकारले.

इंग्लंडची वाटचाल याहून सावकाश झाली. १९७८ साली तेथील धर्मसभेने स्त्रियांच्या दीक्षेचा ठराव फेटाळला, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून उना क्रोल या डॉक्टरबाईंनी आपली वेदना मोठ्याने बोलून दाखविली. भाकर मागितली तर तुम्ही धोंडा दिला, या बायबलमधील दृष्टान्ताचा त्यांनी आधार घेतला होता. पुन्हा सज्जाच! ११ नोव्हेंबर १९९२ रोजी ठराव मंजूर झाला, तो दोन-तृतीयांशाच्या अटीमुळे सामान्य सभासदांच्या गृहात अवघ्या दोन मतांनी तरला. दूरचित्रवाणीवरून तो निकाल लोकांनी प्रत्यक्ष पाहिला. मार्च १९९४ मध्ये ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये बत्तीस स्त्रियांना दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी बी.बी.सी.वर एका खेड्यातील स्त्री-पाळकाची विनोदी मालिका सुरू झाली. 'द व्हिकार ऑफ डिब्ली' हे तिचे नाव. अग्रलेखांनी जे काम होत नाही ते कित्येकदा हसण्याने होते. दर आठवड्याला घरात येणाऱ्या पाहुण्याचे नवल फार काळ टिकत नाही.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी कल्पना निघाली. तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. अशाने मायदेशी त्यांचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला भर सभेत 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिला पुरुषांपुढे कसे उभे राहावे हे शिकविण्याचा हा प्रयत्न होता. रमाबाईंनी आपल्या पत्रांतून त्याचा ताठ कण्याने प्रतिवाद केला. परंतु मराठी वाचकाला रमाबाईंचा जो वाद आठवतो तो १८९३ चा, शारदासदनाचा आणि 'केसरी'तील टीकेचा. धर्मांतराच्या त्या धुळवडीत रमाबाईंनी आपल्या नव्या धर्मातील अधिकाऱ्यांशीही तितक्याच निर्भयपणे सामना दिला होता, ही बाजू झाकली गेली. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे त्यांनी शेकडो स्त्रियांचे जे नेतृत्व केले, त्याला कोणत्या पायरीचे नाव द्यावे हे धर्मशास्त्रज्ञांनी ठरवावे.

दुसरा दुवा अलीकडचा आहे. इंग्लंडच्या धर्मसभेत २० नोव्हेंबर २०१२ रोजी स्त्री-बिशपांचा ठराव सामान्य सभासदांच्या गृहात सहा मतांनी पडला. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, चर्च ऑफ साउथ इंडियाने आंध्र प्रदेशातील नंद्याळ क्षेत्राच्या बिशपपदी एग्गोनी पुष्पललिता यांना बसविले. इंग्लंडात पहिल्या स्त्री-बिशप लिबी लेन यांचा अभिषेक झाला तो २६ जानेवारी २०१५ रोजी. ज्यांच्याकडून आपल्या लोकांनी हा धर्म घेतला, त्यांच्या आधी वर्ष-सव्वा वर्ष नंद्याळने हे पाऊल टाकले. यॉर्कच्या त्या समारंभात एका हरकतदाराने मध्येच उठून विरोध केला, तेही जगभर छापले गेले. नंद्याळची बातमी मात्र किती जणांच्या लक्षात आहे, हे श्रोत्यांनी स्वतःशीच ताडून पाहावे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुल्लाली यांचे नाव जाहीर झाले. त्या गादीचे हे एकशे सहावे नाव आणि पहिले स्त्रीचे. धर्मसेवेत येण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या आणि इंग्लंडच्या सरकारात परिचर्या-सेवेच्या मुख्य अधिकारी होत्या. ज्या गादीची नापसंती १९४६ साली फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना आपला परवाना परत करावयास लावण्यास कारण झाली, तीच ही गादी. नाइटिंगेलबाईंचे नाव धारण करणाऱ्या एका मुलीला तेथून नकार गेला आणि एकोणऐंशी वर्षांनी नाइटिंगेलबाईंचा व्यवसाय केलेल्या स्त्रीचे नाव तेथे पुकारले गेले. वृत्तपत्रांनी 'पहिली स्त्री' असे मथळे दिले, ते योग्यच होते.

मात्र 'पहिली' या शब्दाने आपली नजर बांधली जाऊ नये. पहिलीचे छायाचित्र निघते. दहावी आणि शंभरावी ज्या रस्त्याने चालतात तो रस्ता कोणी तुडवून रुळविला, हे छायाचित्रात येत नाही. चर्चमध्येही दफ्तर असते. बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांच्या नोंदवह्या प्रत्येक मंडळीत ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक नोंदीखाली विधी करणाऱ्या पाळकाची सही असते. इंग्लंडातल्या, अमेरिकेतल्या, आंध्रातल्या अशा कित्येक वह्यांत आज स्त्रियांच्या सह्या आहेत. पावसापाण्यात कोणाच्या तरी मुलाच्या कपाळाला पाणी लावून, कोणाला तरी माती देऊन आल्यावर केलेल्या त्या सह्या आहेत. त्यांचे कात्रण कोणी कापणार नाही. पण उद्या कोणी इतिहासकार या प्रश्नाचा खरा निकाल कोठे लागला हे शोधू लागला, तर त्याने वृत्तपत्रांचे गठ्ठे जरूर पाहावेत, आणि मग त्या वह्या मागवून घ्याव्यात.